जाडीची पाटी

आत्लिस्को, मंगळवार

प्रिय ओबदुलियाताई,

तुला, तुझ्या गुडघ्याला आणि तुझ्या भांडखोर कोंबड्यांना माझा नमस्कार. गुडघ्याचं खरं काय ते कळव. मागच्या पत्रात ‘बरा आहे’ लिहिलंस, पण अक्षर दुखणाऱ्या माणसाचं होतं. इकडे भट्टी ठीक, पाव ठीक. फक्त देल्फिना मला ‘श्रीयुत एवारिस्तो तामायो’ म्हणते आहे. आज नववा दिवस.

एकतीस वर्षांत तिने मला ‘जाड्या’खेरीज हाक मारलेली नाही (लग्नात माझ्या बरगड्या मोजता येत होत्या, तेव्हापासून). मी तिला ‘जाडे’ म्हणतो. नातीला ती ‘माझे आई’ म्हणते आणि आपला अनसेल्मो, टक्कल पडलं तरी, ‘माझा राजा’. आपल्याकडे पूर्ण नाव दोनदाच निघतं: कान धरायचा असतो तेव्हा, आणि चर्चच्या कर्ण्यावरून कोण गेलं ते सांगतात तेव्हा. हे मला चांगलं ठाऊक. तरीही चुकलो.

अनसेल्मो शहरातून आला आणि म्हणाला, “बाबा, ‘जाडीची बेकरी’ ही काय पाटी झाली? आई एवढ्या ऑपरेशनमधून वाचली, तिला जरा मान द्या.” मला पटलं. (खरं सांगू? ती आता निम्मी उरली आहे. त्या पाटीखालून जाताना मी वर बघायचं टाळायचो.) मी सोनेरी अक्षरांत, मानाच्या ‘दोन्या’सकट पूर्ण नावाची नवी पाटी रंगवून घेतली: ‘दोन्या देल्फिना ओरोस्को दे तामायो’. तिच्या वाढदिवशी थाटात उघडायची म्हणून सकाळीच दारावर टांगली आणि हाताला लागलं ते कापड वर टाकलं. कापड काळं होतं, ताई. वाऱ्याने ते थोडं सरकलं आणि नाव तेवढं उघडं पडलं.

पहिल्या आल्या चोलेकाकू, मयताच्या घरी नेतात तशा मेणबत्त्या आणि दोन किलो साखर घेऊन. “कधी गेली हो बिचारी?” दार उघडलं बिचारीनेच, कोपरापर्यंत पिठाने पांढरी. काकू पायरीवरच बसल्या. देल्फिना म्हणाली, “अजून नाही गेले, काकू. साखर आणलीच आहे तर आत या, कॉफी करते.” दहापर्यंत अकरा जण रडत आले. मी हसलो. ती माझी दुसरी चूक.

सगळे गेल्यावर ती म्हणाली, “एवारिस्तो तामायो, वर्षभर मी रोज सकाळी डोळे मिटून पडून राहायचे. तुम्ही ‘जाडे, ऊठ’ म्हणालात की कळायचं, आजचाही दिवस मिळाला. आणि तुम्ही तेच पुसून टाकलंत.”

‘तुम्ही’ म्हणाली, ताई! तेव्हापासून मी रोज ‘जाडे, ऊठ’ म्हणतो. ती माझ्याआधीच उठून गेलेली असते.

तुझा धाकटा भाऊ,
एवारिस्तो

ता. क. मी तुझ्याकडे धाडलेली जुनी पाटी तुझ्या खुराड्याचं छप्पर झाली आहे. गुरुवारच्या बसने पाठव. कोंबड्यांना नवा पत्रा देतो. (गुडघ्याची चौकशी मात्र मनापासून होती.)

आणखी ता. क., बुधवार. पत्र टाकायचं राहिलं. आज ती आधी उठली नाही. डोळे घट्ट मिटून पडली होती. मी म्हणायचं ते म्हणालो. “किती वाट बघायची, जाड्या?” म्हणाली. पाटी तरीही पाठवच. नवीचं काय करू विचारलं, तर म्हणते, “ठेव, पुढेमागे लागेलच.” मी ती उतरवून आत नेली. लाकूड चांगलं वाळलेलं होतं, भट्टीत पटकन पेटलं.