मास्तरांची ओळ कोण खोडणार?

अहो पेंटरसाहेब,

सगळं अहमदपूर तुम्हाला याच नावानं हाक मारायचं, म्हणून मीही मारते. काल मास्तर येऊन गेले. झालं ते तुम्हालाच सांगायला पाहिजे, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेल्यापासून मला रडू आलेलं नाही. येणारे-जाणारे वाट बघतात. मी भाकरी करते, भांडी घासते, तुमचे ब्रश टर्पिनमध्ये बुडवून ठेवते. का ठेवते, कुणास ठाऊक!

तुम्ही दुष्काळाची चित्रं मांजरपाटाच्या कापडावर काढायची, मास्तरांनी गाणी रचायची, आणि बाजारात चित्रं टांगून ती म्हणायची, असं तुमचं ठरलेलं. आणि तुमचा तो कायदा! मास्तरांना पटलं नाही तर ते चित्रातलं पुसणार, तुम्हाला पटली नाही तर तुम्ही गाण्यातली ओळ खोडणार. किती भांडायचात!

"पेंटर, हा बैल हाय का बकरी?"

"दुष्काळातला बैल हाय, मास्तर. तुमच्या गाण्यागत फुगवू का?"

मी दोन कप चहा ठेवून आत जायचे. ओळ कशी वाटली, मला कधी विचारलंत का?

नवा जिल्हा झाला आणि 'जिल्हा लातूर' लिहायला गावच्या सगळ्या पाट्या तुमच्याकडे आल्या. रंगाचं डबडं धरून उभी राहता राहता मी अक्षरं लावायला शिकले. पुढं पुड्यांचे कागद वाचले, मग मास्तरांची पुस्तकं. तुम्ही मात्र अंगात ताप घेऊन पाट्या रंगवत राहिलात. दवाखान्याचीसुद्धा रंगवलीत, पण आत गेला नाहीत!

विहिरीचं चित्र तेवढं पुरं केलंत. त्याचंच गाणं घेऊन मास्तर काल आले.

"वैनी, येत्या बाजारी मुखेडला पहिला खेळ हाय. पन ह्या गाण्यातलं कुणी काही खोडलंच न्हाई. असं गाणं म्हनायला तोंड उघडंना. खेळच बंद करावा म्हनतो."

"मी खोडू?"

"हाव. दुसरं कोन हाय?"

मी वाचलं. विहीर, दोर, बायांची रांग, सगळं नीट होतं. शेवटच्या ओळीत तुम्ही आलात: पेंटर गेला, विहीर पोरकी झाली.

मी चित्राकडे पाहिलं. रांगेच्या टोकाला माझ्या लुगड्यातली पाठमोरी बाई. हिचं तोंड का नाही काढलं, मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "ती पान्याकडं बघून राहिली. आपल्याकडं कशाला बघंल?"

तुमची पेन्सिल घेतली आणि ती ओळ खोडली.

"वैनी! तीच तर काळजातून आली होती!"

"लोक पान्यासाठी उभे हायत, मास्तर. मधी पेंटरला कशाला आनता?"

मास्तरांनी कागद उचलून गाणं पुन्हा वाचलं. मग डोळे पुसत हसले. "आता कसं! पेंटरच भांडून राहिला जनू."

मला हसू आलं नाही, रडूही नाही. उठून दोन कप चहा केला. एक मास्तरांना दिला. दुसरा तिथंच, चित्रासमोर बसून, मी प्यायले.

आता ऐका. मुखेडला मी जाणार. चित्रं मी टांगीन, मास्तर म्हणतील, आणि गाणं फुगलं की मी खोडीन. दुसरा कुणी पेंटर आला तरी त्या बाईचं तोंड मी कुणाला रंगवू देणार नाही. तिला पाण्याकडं बघू द्या.

ब्रश मात्र आज धुऊन वाळत घातले.

तुमची,
जना