हिंदुरावचा हात

३ फेब्रुवारी
मोशीच्या या नव्या हॉस्पिटलात आजपासून मी शिकवणारा. खोली उजेडाची, चहा बरा, खुर्ची तर झकास! रेसिडेंट, म्हणजे हे शिकाऊ डॉक्टर, मात्र दिव्य. सुई धरतात ती गोधडी शिवायला बसल्यासारखी. त्यातला प्रज्वल तर टाका घालताना मॉडेलला कुरवाळतो. मॉडेल म्हणजे थ्रीडी प्रिंटरवर छापलेला रबरी हात. आत हाडं, नसा, बोटं ओढणारे टेंडन, सगळं. चाकणला पत्र्याच्या प्रेसखाली चिरडलेल्या एका कामगाराच्या स्कॅनवरून काढलेला. त्याचा खरा हात कापावा लागला. निदान नक्कल तरी या ठोंब्यांच्या उपयोगी पडो.

५ फेब्रुवारी
तो कामगार आला होता. हिंदुराव. रिकामी बाही खिशात खोचलेली. म्हणे, "डाक्टर, जो हात न्हाई, त्योच कुनीतरी शिवतंय. सुई कळती." कापलेला अवयव दुखतो, मेंदू फसतो, हे पुस्तकात आहे. समजावून सांगितलं. गाढवापुढे गीता! त्याची बायको दुर्गाबाई तो रबरी हातच मागू लागली. म्हटलं, खेळणी आळंदीच्या बाजारात मिळतात.

६ फेब्रुवारी
हा अडाणीपणा एकदाचा मोडावा म्हणून हिंदुरावला बाहेर बाकावर बसवलं. आत मॉडेलच्या करंगळीत सुई खुपसली. बाहेर किंकाळी. योगायोग. मग अंगठ्यात खुपसली. "अंगठा! आगं, अंगठा!"
प्रज्वल रडला. हे म्हणे सर्जन होणार.

७ फेब्रुवारी
आज एकही रेसिडेंट मॉडेलला हात लावेना. भित्री जमात. मग मीच तुटलेले टेंडन जोडले. सुरेख. शेवटची गाठ मारली आणि तर्जनी वाकली. रबराला ताण बसला असेल.
पुन्हा वाकली. तेव्हा मी ओढत नव्हतो.

८ फेब्रुवारी
बोटं कोमट लागतात. सकाळपासून टेबलावर टकटक. रबर असं —
नाही. कापून टाकतो ते टेंडन.

८, दुपार
डाव्या हाताने लिहितोय. उजवं मनगट त्या रबरी हाताने धरलंय. सुटत नाही. प्रज्वलवर ओरडलो, काप ते! म्हणाला, सर, हिंदुरावांना लागेल. मूर्ख —
त्यानेच फोन करून दोघांना बोलावलं. दुर्गाबाई माझ्याकडे बघतही नाही. हिंदुराव दारात. शांत. विचारतो, हातात कुनाचं तरी मनगट घावलंय, तुमचंच व्हय?
सोड म्हणालो. मग सोडा म्हणालो. पाया पडतो म्हणालो —
त्याने डोळे मिटले. म्हणतो, लई दिसांनी मूठ वळतीया.
मनगटाचं हाड —