फाईल घरचीच आहे

७ एप्रिल, रविवार
जत्रा कमिटीची मीटिंग झाली. यंदा मैदानातल्या कुस्त्यांच्या जोड्या मी लावणार, तेही कॉम्प्युटरवर. दरवर्षी माझा चुलत भाऊ विश्वजीत आखाड्याच्या कडेला उभा राहून नुसत्या नजरेने जोड लावतो. याला काय शास्त्र म्हणायचं? मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलं. वजन, उंची, तालीम भरायची, बटण दाबायचं, जोड तयार. अध्यक्ष आप्पासो म्हणाले, "जमलं तर मैदानात माइक तुमच्याकडंच, नाना."

माइक. उभी नोकरी सैन्यात केली, नायब सुभेदार म्हणून रिटायर झालो, पण काम ऑफिसात होतं. म्हणून गावात बाकीचे फौजी आणि मी टायपिंगवाला. हे मनाला लागतं. एकदा भर मैदानात माइक हातात आला की हा विषय कायमचा संपेल.

९ एप्रिल, पाडवा
संकल्प केला. रोज पहाटे उठून एक्सेल शिकायचं, आणि फाईल स्वतः बनवायची. आज सण आहे, जेवण जड झालं. उद्यापासून.

१० एप्रिल
पहाटे लाईट नव्हती. नंतर आली, पण तेव्हा पहाट नव्हती.

११ एप्रिल, दुपारी
शिकायची गरजच संपली. फलटणचे साडू जयराव यांनी तयार फाईल मेल केली. त्यांच्याकडच्या मैदानाला म्हणे हीच वापरतात. आत मॅक्रो आहे. म्हणजे बटण दाबलं की फाईल आपलं आपण काम करते.
उघडली तर वर लाल पट्टी. मायक्रोसॉफ्टने मॅक्रो रोखले आहेत, कारण फाईल जिथून आली ते ठिकाण भरवशाचं नाही. फलटण भरवशाचं नाही? तिकडे अमेरिकेत बसून यांना पाहुणेरावळे काय कळणार. अंजना, म्हणजे आमची मंडळी, मागून म्हणाली, "आवं, लाल दिसतंय तर जरा थांबा की." तिला यातलं कळत नाही.

१२ एप्रिल
पुतणी साक्षीला फोन केला. ती सांगलीत कॉम्प्युटर शिकवते. म्हणाली, "काका, नाव ओळखीचं आहे म्हणून फाईल चांगली ठरत नाही. ज्यानं बनवली त्याला विचारा, मॅक्रो नेमकं करतं काय. अँटीव्हायरस लावून बघा. दोन्हीकडनं खात्री पटली तरच प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करा. न्हाईतर डिलीट." सगळं लिहून घेतलं. मी शिस्तीचा माणूस आहे.

१३ एप्रिल
दिवसभर चौकशी. बनवणारा कोण, कुठला, पाहुणे कोण? जयराव म्हणाले, "माज्या बहिणीच्या दिराचा पोरगा हाय, पाटणचा." लगेच पाटणला दोन ठिकाणी फोन लावले. घराणं उत्तम. आजोबा माळकरी, जमीन नदीकाठची, घरात सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. मुलगी द्यायची असती तर डोळे झाकून दिली असती. मॅक्रो काय करतं हे विचारायचं राहिलं. पण अशा घरातली फाईल वावगं काय करणार.
अँटीव्हायरसने मात्र धोका दाखवला. त्याची मुदत केव्हाच संपली आहे, म्हणजे तोही रिटायर. रिटायर माणसाचं कोण ऐकतं? बंद केला.

१५ एप्रिल, सकाळी
सेटिंगमध्ये मोठी सोय सापडली. आपण एखादा फोल्डर भरवशाचा ठरवला, की त्यातल्या फाईलला लाल पट्टी येतच नाही. फोल्डर केला, नाव दिलं 'घरचे'. घरच्या माणसाला कुणी बाहेरच्या सोप्यात थांबवून ठेवतं का? तो सरळ चुलीपर्यंत येतो. साक्षीला हे सुचलं नाही.
जयरावांची फाईल आत ठेवली, पैलवानांची नावं भरली, बटण दाबलं. पडदा लुकलुकला. मशीन विचार करतंय. इतक्या जोड्या म्हणजे वेळ लागणारच.

१६ एप्रिल
अजून विचार करतंय.
दुपारी आप्पासोंचा फोन. म्हणाले, तुमची फाईल उघडली आणि ग्रामपंचायतीचं मशीन बंद पडलं. विश्वजीतच्या पोराचा लॅपटॉपही गेला. तालमीच्या वस्तादांनी तर दोनदा उघडली. मी म्हणालो, मी कुणालाच काही पाठवलेलं नाही. आप्पासो म्हणाले, "तुमचं नाव बघून तर उघडली, नाना. परक्याची असती तर हात लावला नसता." क्षणभर ऊर भरून आला. नंतर ते पुढचं बोलले.

१७ एप्रिल
साक्षी म्हणते, फाईलने माझ्या नावाने सगळ्या ओळखीच्यांना मेल पाठवले. नावं भरलेली यादी आता उघडतच नाही. जयरावांना फोन लावला. ते म्हणाले, "आवं, पोरानं बनवलीय असं कोण म्हटलं? त्यानं ग्रुपवर टाकलेली. म्या तर उघडून बी बघितली न्हाई. तुमी हुशार, म्हणून तुमाला पाठवली."
ज्यांच्या लग्नात मी पंगतीला वाढलं, त्यांनी केसाने गळा कापला. जेवण गेलं नाही. संकल्प: जयरावांशी आयुष्यात बोलणार नाही.

१८ एप्रिल
जयरावांना पुन्हा फोन केला. जोड्यांची दुसरी फाईल आहे का विचारायला. त्यांनी उचलला नाही.

२४ एप्रिल, संध्याकाळी
मैदान झालं. विश्वजीत कडेला उभा राहिला, पोरांचे खांदे चाचपले, दोघादोघांचे हात धरून आखाड्यात फिरवलं, एकही जोड चुकली नाही. नशीब म्हणायचं. माइकही त्याच्याकडेच. मी मंडपात तिसऱ्या रांगेत, कमिटीचा फेटा बांधून.
शेवटच्या कुस्तीआधी माइकवर माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, हुद्द्यासकट. मी उठून उभा राहिलो, फेटा सारखा केला. पुढचं वाक्य असं होतं, की यांच्याकडून आलेली फाईल गावात कुणी उघडू नये. सगळं मैदान हसलं. विश्वजीत माझ्यासोबत एका ताटात वाढलेला. त्याला ते वाक्य गिळता आलं असतं. घरी येऊन फेटा सोडला. फार वाईट वाटलं, इथे लिहायला हरकत नाही.

२८ एप्रिल
साक्षीने सांगलीहून येऊन मशीन पुसून नवं करून दिलं. 'घरचे' फोल्डर काढून टाकला. जाताना म्हणाली, "काका, यापुढं नाव बघून कुणावर विश्वास ठेवू नका." खरं आहे पोरीचं. साडू, भाऊ, कमिटी, सगळ्यांना पारखून झालं. संकल्प: यापुढे विश्वास फक्त स्वतःवर.

२ मे, सकाळी
मेल आला. सोबत फाईल. पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. माझंच. पाठवल्याचं आठवत नाही, पण हल्ली बरंच आठवत नाही. चौकशीचा प्रश्नच नव्हता, घराणं माहितीचं आहे. नवीन फोल्डर केला, नाव दिलं 'मी'. फाईल त्यात ठेवून उघडली. लाल पट्टी आली नाही.

दुपारी
मशीन बंद. साक्षी फोन उचलत नाही.
फाईल कुणी पाठवली होती, असं अंजनाने विचारलं. ओळखीच्या माणसाने, एवढंच सांगितलं.