अकरा जणींचा बर्फ

२७ ऑक्टो., सोम.

सीव्ही परत आला. तिसऱ्यांदा. मासळी बाजारातल्या बर्फाच्या ओळीखाली लाल रेघ आणि एकच शब्द: पुरावा?

प्लेसमेंट कमिटी (यापुढे प्ले.क., पूर्ण नाव लिहिण्याइतकी त्यांची लायकी नाही) म्हणजे आमच्याच एमबीए कॉलेजची सेकंड इयरची पोरं. आमच्याआधी एक वर्ष आली, एवढ्याच जोरावर आमच्या आयुष्यावर टिक आणि फुली मारत बसतात. नियम असा की सीव्हीतल्या प्रत्येक ओळीला कागद हवा. लेटरहेड, सही, शिक्का. आईच्या बाजारात आई धरून अकरा जणी मासळी विकतात. अकराही जणींकडे कोयते आहेत, लेटरहेड एकीकडेही नाही.

ती ओळ काढली तर माझ्या सीव्हीत उरतं काय? बी.कॉम. आणि तळोज्याच्या कारखान्यात डिस्पॅचची दोन वर्षं. तेवढ्यावर काचवाले ढुंकूनही बघणार नाहीत. (काचवाले = ती कन्सल्टिंग कंपनी. त्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये अर्धे फोटो काचेच्या बिल्डिंगचे.) पण काम काय करतात ते सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. अनोळखी धंद्यात जायचं, कुठे अडतंय ते शोधायचं, सोडवून बाहेर पडायचं. म्हणजे मी बाजारात केलं तेच! मला ही नोकरी हवीय. दुसरी कुठलीही नको, हीच.

लेटरहेड नसेल तर फोनवर खात्री करतात म्हणे. आईचा नंबर दिला.

संध्याकाळी कँटीनमध्ये ईशानबरोबर ती ओळ नीट लिहिली. तो माझा केस-पार्टनर. रोज एकमेकांच्या मुलाखती घेतो, ‘या कंपनीचा नफा का घटला’ टाइप. त्याने सगळं खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं: आधी प्रत्येक बाई बर्फाच्या लादीसाठी एकटी धावायची, दुपारपर्यंत मासळी नरम. मग मी ग्रुपवर ऑर्डर घ्यायला लागले, एकच टेम्पो, आणि रोज एकीने नंबराने जाऊन सगळ्यांचा बर्फ आणायचा. नावांच्या क्रमाने यादी लावली. त्याने इंग्रजी मस्त केलं. गुणी मुलगा आहे.

२९ ऑक्टो., बुध.

आईला शिकवून ठेवलं. "फोन आला की सांगायचं, हर्षदानं केलं. एवढंच." मान डोलावली. दोनदा म्हणवून घेतलं.

३० ऑक्टो., गुरु.

वाटोळं.

प्ले.क.च्या खोलीत त्यांच्यातल्या रेवतीने माझ्यासमोरच आईला फोन लावला, स्पीकरवर. मागे बाजाराचा गलका.

"तुमच्या मुलीने बर्फाचा प्रोजेक्ट लीड केला का?"

"म्हंजे?"

"बर्फाचं सगळं तिने केलं ना?"

"नाय नाय, ती एकटी काय करंल? आमी सगल्यांनी केलं. पोरगी व्हती ना संगती." आणि वर, "तुमाला पापलेट पायजेल काय?"

खोलीत चौघं होते. चौघंही हसले. रेवतीने ओळीवर फुली मारली. "सॉरी हं, हर्षदा. रूल म्हणजे रूल."

घरी आल्यावर आईवर इतकी ओरडले की शेजारच्या काकूने खिडकीतून डोकावून बघितलं. आई शांतपणे भांडी लावत होती. "बाजूला सुंदरी बसलेली, पलीकडं सगल्या बसलेल्या. समद्या आयकत व्हत्या. त्यांच्या म्होरं म्हनू का, माज्या एकल्या पोरीनं केलं म्हनून? उद्या तोंड कसं दाखवू?"

माझ्या भविष्यापेक्षा हिला बाजूचीचा चेहरा महत्त्वाचा. जेवले नाही. तिने ताट झाकून ठेवलंय, ते बघून अजून राग येतोय.

३ नोव्हें., सोम.

काचवाल्यांची शॉर्टलिस्ट लागली. सहा नावं. ईशान आहे. मी वेटलिस्टवर, दुसरी. ईशानला मिठी मारून अभिनंदन केलं. मनापासून केलं, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

४ नोव्हें., मंगळ.

निवडलेल्यांचे सीव्ही ड्राइव्हवर टाकलेत, बाकीच्यांनी शिकावं म्हणून. शिकले.

ईशानच्या सीव्हीत शेवटून दुसरी ओळ. अकरा मासळीविक्रेत्या महिला. सामूहिक बर्फखरेदी. नंबरपद्धत. एकूण एक शब्द माझा. ‘अकरा’सुद्धा बदलायचे कष्ट घेतले नाहीत हरामखोराने. पुरावा: त्याच्या मावशीच्या संस्थेचं लेटरहेड, सही, शिक्का.

हा मुलगा खारघरच्या एकविसाव्या मजल्यावर राहतो. त्याच्या घरी मासळी ॲपवरून येते. माझ्या आईचा बाजार त्याच्या बिल्डिंगपासून दहा मिनिटांवर आहे, तिथे त्याने पाय ठेवलेला नाही.

मेट्रोत कार्ड दोनदा खाली पडलं.

५ नोव्हें., बुध.

पार्किंगमध्ये गाठला. लाजेल, हातापाया पडेल वगैरे वाटलं होतं. छे.

"अगं, तुझी ओळ तर कटच झाली होती. वाया जाण्यापेक्षा..."

वाया!

"आणि लिहिली आपण दोघांनी ना? मावशीची संस्था खरंच तिथे काम सुरू करणार आहे. जानेवारीपासून."

म्हणजे आधी पत्र, मग काम. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, आईने कधी वही उघडली तर. वॉचमन उठून उभा राहिला होता.

६ नोव्हें., गुरु.

रेवतीकडे गेले. तिने सगळं ऐकलं, पेन फिरवत. "त्याच्याकडे कागद आहे. तुझ्याकडे काय आहे?"

लेखी तक्रार केली तर चौकशी संपेपर्यंत दोघांचेही सीव्ही बंद. मुलाखती पंधराला, चौकशी नंतर. वेटलिस्टमधून कोणी वर गेलं तरी मी नाही. "विचार कर," म्हणाली. "तुझंच नुकसान होईल."

आवाजात माया होती, त्यामुळे जास्त चीड आली. चोराला आणि जिच्याकडे चोरी झाली तिला एकाच कोठडीत टाकायचं, याला हे न्याय म्हणतात.

८ नोव्हें., शनि.

ठरवलं, कागद हवाय ना, कागद देते. एक पत्र टाइप केलं: ‘बर्फाची संपूर्ण व्यवस्था आणि नंबरपद्धत कु. हर्षदा हिने आखली व राबवली.’ खाली अकरा जागा. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना बाजारात गेले.

पहिली सुंदरमावशी, म्हणजे आईची सुंदरी. गेटाजवळ बसते, सगळ्यांत जुनी. म्हणाली, "वाच." वाचलं. तिने कोलंबी सोलायची थांबवली नाही.

"नंबर तू लावले?"

"हो."

"तुजे नंबर आठ दिस तरी टिकले काय?"

मी पत्र परत वाचायला लागले.

"तू नावाच्या क्रमानं लावलेस. बाजारात नावाच्या क्रमानं कोन बसतं गो? एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला, कोनाचा नंबर कोनाला ठावं नाय. तिसऱ्या दिशी बर्फच नाय आला. मंग मी बसल्या जागंनं लावले. आज ही, उद्या तिच्या बाजूची. जी नाय आली तिचा बर्फ बाजूवालीनं आनायचा, दुसऱ्या दिशी तिनं बाजूवालीची मासली साफ करून द्यायची. इसरलीस?"

विसरले होते. खरंच विसरले होते, देवाशपथ. तेव्हा डिस्पॅचला होते, शनिवारीच बाजारात यायचे. दुसऱ्या शनिवारी आले तर सगळं सुरळीत चालू होतं आणि मला वाटलं, माझी यादी चालली. मग दोन वर्षं तेच सांगत आले. कॉलेजच्या प्रवेशाच्या मुलाखतीत सांगितलं. ईशानला सांगितलं.

आई बाजूलाच बसली होती. वर बघितलंच नाही. तिला माहीत होतं. फोनवर तिने काय चुकीचं सांगितलं होतं?

ईशानने माझं घेतलं आणि मी तिचं, असं सुंदरमावशी म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ती फक्त म्हणाली, "नीट लिहून आन, मंग अंगठा देते." आणि घरी न्यायला मूठभर कोलंबी बांधून दिली.

९ नोव्हें., रवि.

राग आहेच, पण आता तो कुठे ठेवायचा ते कळेना. ईशानवर काढायला गेले की मध्येच माझं तोंड दिसतं. तरी तो आणि मी सारखे नाही. मी विसरले, त्याने चोरलं. हे वाक्य दहा वेळा मनात म्हटलं. दहाव्या वेळी जरा ढिलं वाटलं.

आईशी बोलले शेवटी. "तेव्हाच का नाही सांगितलंस?" तर म्हणे, "तू किती खुश व्हतीस." बस, एवढंच.

१० नोव्हें., सोम.

नवं पत्र, मराठीत, हाताने. ऑर्डर ग्रुपवर घ्यायची कल्पना हर्षदाची. तळोज्याचा बर्फाचा कारखाना तिने शोधला. टेम्पोवाला तिच्या आईने पटवला. नंबर सुंदराबाईंनी लावले. रोज बर्फ आणतो आम्ही सगळ्या.

आठ सह्या, तीन अंगठे. एका कोपऱ्यात मासळीच्या पाण्याचा डाग. सुंदरमावशी म्हणाली, "माजा वर घे." सगळ्यांत वर घेतला.

रेवतीने वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "पण यात तू नक्की काय केलंस? इम्पॅक्ट दिसत नाही." पत्र दोन बोटांनी परत केलं. वासामुळे असेल.

खोटं पत्र शिक्क्यासकट पास, खरं पत्र नापास. मी तिथेच जोरात हसले. तिला वाटलं असेल, पोरगी वेडी झाली.

तक्रार केलेली नाही. का, ते स्वतःलाही धड सांगता येत नाही. भीती आहेच. पण तक्रारीत ‘माझं काम चोरलं’ असं लिहायला बसले आणि ‘माझं’च्या पुढे पेन जाईना.

१३ नोव्हें., गुरु.

दोघांना दुसरीकडे नोकरी लागली, त्यांनी नावं काढून घेतली. मी आत! शनिवारी काचवाल्यांची मुलाखत. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. बाहेर येऊन परत चिडले, कारण रेवतीचा मेसेज: ‘सीव्हीत नाही त्यावर बोलायचं नाही. कॉलेजचं नाव आहे.’

स्लॉट लागलेत. ११.३० ईशान. १२.०० मी. कोणी लावले हे नंबर!

ईशानचाही मेसेज. ‘ऑल द बेस्ट! तो विषय तू काढणार नाहीस ना? दोघांचंही नुकसान.’ उत्तर दिलं नाही. नंबर ब्लॉक करणार होते, पण मग तो घाबरलाय हे मला दिसणार नाही, म्हणून ठेवला.

१५ नोव्हें., शनि.

११.४५. दुसरा मजला, खोलीबाहेरची खुर्ची. हे लिहितेय म्हणजे हात मोकळे राहणार नाहीत.

सकाळी निघताना आई म्हणाली, "काय इचारतील?" म्हटलं, माहीत नाही. "मंग जे ठावं हाय ते सांग." आणि ब्लेझरला वास लागू नये म्हणून लांबूनच डोक्यावरून हात फिरवल्यासारखं केलं. ते बघून मीच जाऊन तिला घट्ट धरलं. लागला तर लागला वास.

११.५५. ईशान बाहेर आला. चेहरा उतरलेला. सरळ माझ्याकडे, जणू मधे काही घडलंच नाही.

"त्यांनी बर्फाचंच धरलं गं. पंधरा मिनिटं. बायकांचा क्रम कसा लावलात? मी म्हटलं, नावाप्रमाणे. तूच सांगितलं होतंस ना? मुलाखत घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, मग हे तीन दिवसांत बंद पडायला हवं होतं, कसं नाही पडलं? मला काही सुचेना. म्हणाल्या, विचार करून दुपारी दुसऱ्या राउंडला सांगा."

प्रचंड आनंद झाला. साधारण तीन सेकंद टिकला. आठ तारखेच्या आधी त्या खुर्चीवर मी असते तर हेच उत्तर दिलं असतं. शब्द न् शब्द.

"हर्षदा, प्लीज. खरं काय होतं?"

शिव्या तोंडाशी होत्या, सगळ्या, आगरी-कोळी मराठी हिंदी. एकही दिली नाही. उत्तरही दिलं नाही. तो अजून समोरच उभा आहे.

पत्र फाइलमधून काढून सीव्हीच्या वर ठेवलंय. सुंदरमावशीचा अंगठा दिसतोय. कॉरिडॉरच्या टोकाकडून रेवती येतेय, तिला ते दिसलंय, ती मान हलवून नाही नाही म्हणतेय.

दार उघडलं. माझं नाव घेतलं.