राजकन्यांचे नंबर

६ एप्रिल, रविवार

झोपाळू शेवटी. सांगून सांगून थकले तेव्हा कुठे मनूला पटलं. अख्खा पिक्चर बाई झोपून राहते, उठते तेव्हा नवरा समोर उभा. हिला नंबर द्यायचा तरी कशाचा? मनू म्हणाली, "पन तिचा झगा लय भारी हाय ना." झग्याचे दोन मार्क दिले आणि सगळ्यात खाली चिकटवली.

लोखंडी कपाटाच्या दाराला आतून आता नीट रांग लागली आहे. स्टिकरचा गोंद कधीच गेला, आई कणकेची खळ करून देते. वरून खाली: केसवाली, पाण्यातली, काचबूट, तलवारवाली, बुटक्यांची, राक्षसाघरची, झोपाळू. खरी नावं मनूलाही येत नाहीत. पिक्चर सगळे हिंदीत डब केलेले, ताईनेच पेनड्राइव्हवर भरून घेतले होते. ताई गेली तेव्हा तिची मनू आणि तो पेनड्राइव्ह सोनपेठहून आमच्याकडे जिंतूरला आले.

वर्षश्राद्ध मागच्या आठवड्यात झालं. आता लोक बोलायला मोकळे.

९ एप्रिल, बुधवार

इन्स्टिट्यूटमध्ये माझी टायपिंगची दुपारची बॅच निम्मीच आली. लाइट नाही, कॉम्प्युटर बंद, पोरी ओढणीने वारा घेत बसलेल्या. लवकर घरी आले तर मामी बसलेली. मी आत पाय टाकला आणि बोलणं बंद. मामी गप्प बसते म्हणजे विषय मीच असणार. चपला काढेपर्यंत तिलाच राहवेना.

"पोरीला भायेरची माय आनन्यापरीस घरातली काय वाईट हाय? तुमीच सांगा."

आई पदराने तोंड पुसत होती.

घरातली म्हणजे मी. दाजींशी. ताईच्या नवऱ्याशी.

चहा प्याले. कपबश्या विसळल्या. तोंडातून शब्द निघाला नाही. इन्स्टिट्यूटमध्ये पोरं माझ्या आवाजाला टरकतात म्हणे!

१३ एप्रिल, रविवार

आज आप्पांनाही नंबर लावायला बसवलं. रिटायर झाल्यापासून आमचे आप्पा रेडिओ सोडून कशात लक्ष घालत नाहीत, पण मनूने ओढून आणलं. त्यांचा पहिला नंबर तलवारवाली. कारण काय? "बापाच्या जागी लढाईला गेली. लेक असावी तर अशी." आप्पा, तुम्हाला तीच आवडणार.

मनूचा हिशोब निराळा. केसांचे मार्क, गाण्याचे मार्क, घोडा असेल तर वेगळे, आणि जी रडती तिचे कमी. काचबूट लय रडती म्हणून आज घसरली. मी विचारलं, तिला सावत्र आई आहे, राबवून घेते, मग रडणार नाही का? मनू म्हणाली, "बुटक्यांचीला बी सावत्र हाय. ती तर गानं म्हनती."

एवढ्या राजकन्या, आणि जवळ आई एकट्या तलवारवालीला. बाकीच्यांची एक तर मेलेली, नाही तर लांब. आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. मनूच्या कधीच आलं असेल.

पुढच्या रविवारी तिचा वाढदिवस. सोनपेठला करायचा, दाजींचा फोन होता. मी घेऊन जाणार.

२० एप्रिल, रविवार, रात्री

काय झालं ते सरळ लिहिते.

एसटीने गेलो. मनू खिडकीशी, पिवळा फ्रॉक, रस्ताभर बडबड. ताईच्या घरात पाय ठेवला तेव्हा मात्र माझा हात धरला तो सोडलाच नाही. भिंतीवर ताईचा फोटो, हार ताजा. दाजी दुकानातून आले, बियाण्यांच्या दुकानाला सध्या गिऱ्हाईक नसतं म्हणे. वाळलेत. मला म्हणाले, "गाडीला जागा मिळाली का?" इतकंच.

ओवाळायची वेळ आली. ताईच्या सासूबाईंनी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. मनू एकटी बसेना. "मावशीच्या मांडीवर बसन, न्हाई तर बसनारच न्हाई." चुलत जावा, शेजारणी, सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं. मी बसले पाटावर. मनू माझ्या मांडीत. सासूबाईंनी तिला ओवाळलं, कुंकू लावलं. मग मलाही लावलं. यात काय विशेष, घरी आलेल्या बाईला कुंकू लावतातच. मग म्हणाल्या, "रेणू, ओढनी पसर बरं." पसरली. वाटलं, मनूचा खाऊ असेल. पोरीच्या मांडीत मावणार नाही म्हणून माझ्या ओढणीत. नारळ पडला. तांदूळ पडले. खण पडला. वरून हिरवी साडी.

तेव्हा कळलं.

लग्नाच्या मुलीची ओटी भरली म्हणजे ठरलं. आमच्याकडे याला कागद लागत नाही, साक्षीला चार बायका पुरतात. तिथे दहा-बारा होत्या. मांडीत मनू, त्यात ओटीचं ओझं, उठायचं म्हटलं तरी पोरगी खाली पडली असती. मी उठले नाही. सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते. त्याचाच राग येतोय.

दाजी दारात उभे होते. मग वळून बाहेर गेले.

परतीच्या गाडीत मनू झोपली. पिशवीत नारळ इकडून तिकडे गडगडत होता, तो पायाने दाबून धरला.

२१ एप्रिल, सोमवार

घरच्या ग्रुपवर फोटो. मी पाटावर, मांडीत मनू, ओढणीत नारळ. मी फोटोत हसतेय. खाली हात जोडलेले, फुलं, "लय छान निर्णय", "पोरीचं कल्याण झालं". एका लांबच्या काकांनी मला त्यागमूर्ती म्हटलंय. काका, मी खाऊ घ्यायला ओढणी पसरली होती हो!

आईला सांगितलं, मला माहीत नव्हतं. आई म्हणाली, "आता लोकांला काय सांगावं? पोरीला कळलंच न्हाई म्हनून?"

खरंच कोण विश्वास ठेवणार? एकोणतिसाव्या वर्षी ओटी कशी भरतात ते माहीत नाही!

२३ एप्रिल, बुधवार

दाजींना फोन केला. इन्स्टिट्यूटच्या जिन्यात उभी राहून. ताईच्या लग्नात मीच त्यांचे बूट लपवले होते, तेव्हापासून आमची थट्टामस्करी. आज थेटच बोलले.

"दाजी, तुमी तरी न्हाई म्हना की."

"म्हनलो. माय जेवना झाली."

"मग?"

"मग काय, रेणू. दोन दिवसांनी मीच ताट घेऊन गेलो. तू म्हन न्हाई. तुझ्यावर कोनी जबरदस्ती करनार न्हाई."

जबरदस्ती नाहीच करत कोणी. तीच तर पंचाईत आहे. कोणी मारलं, कोंडलं असतं तर मी आरडाओरडा केला असता.

फोन ठेवताना म्हणाले, "माझ्या डोळ्यांसमोर तुझी ताईच येती. तुला कसं सांगू." मी हूं म्हटलं. माणूस चांगला आहे. चांगला आहे म्हणून लग्न करायचं का? मग आमच्या इन्स्टिट्यूटचा शिपाईही चांगला आहे.

२७ एप्रिल, रविवार

आज भांडण. मनूशी. लिहायची लाज वाटते.

कपाट उघडलं तर राक्षसाघरची पहिल्या नंबरवर. मी विचारलं, ही कशी वर आली? ही तर खालून दुसरी होती. मनू म्हणाली, "आजी म्हनली ती सगळ्यात गुनाची. तिच्या बापानं शब्द दिलता, तर ती गप राक्षसाच्या घरी गेली. मंग राक्षस बी चांगला झाला."

आजी म्हणजे माझी आई. आता पिक्चरमधूनही.

मी ती काढून तळाला लावली, झोपाळूच्याही खाली. म्हटलं, शब्द बापाने दिला तर बापाने जावं, हिला का पाठवलं? राक्षस चांगला झाला नसता तर? हिला कोणी विचारलं होतं का? आवाज चढला होता. मनूने परत वर लावली, मी परत खाली. तेवढ्यात स्टिकर फाटलं. मान एकीकडे, झगा एकीकडे.

मनू रडली. मग स्वतःच डोळे पुसत म्हणाली, "मी रडले. माझे मार्क कमी कर."

तिला पोटाशी घेतलं. दोघींनी मिळून खळीने राक्षसाघरची जोडली. मान जरा तिरकी बसली. कितव्या नंबरवर लावायची ते ठरेना, म्हणून ती बाजूला एकटीच लावली आहे.

३० एप्रिल, बुधवार

आईने आज सगळं बोलून टाकलं. शेंगा फोडता फोडता, माझ्याकडे न बघता.

मी नाही म्हटलं तर दाजींसाठी गंगाखेडचं एक स्थळ तयार आहे. बाई चांगली म्हणतात, पण कोणाला माहीत. ते लग्न झालं की मनू सोनपेठला, जूनपासून तिथल्याच शाळेत. नवी आई पोरीला आजोळी किती पाठवेल, दिवाळीला तरी पाठवेल का.

"तू गेलीस तर पोरगी तुझ्यापाशी ऱ्हाईल. मला दुसरं काय दिसत न्हाई बाई."

मी म्हटलं, आणि मी?

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "माझी एक गेली. दुसरीला ढकलायला मला गोड वाटायलंय का? तूच सांग मी काय करू."

तिच्यासमोर बसून शेंगा फोडल्या. आप्पांनी रेडिओ मोठा केला.

मला मनू पाहिजे. दाजी नको आहेत. हे दोन वेगवेगळं मिळत नाही.

४ मे, रविवार

पुढच्या रविवारी सोनपेठची माणसं तारीख काढायला येणार. मामीने पुरणाचं ठरवूनही टाकलं. मेमध्ये पुरण! गॅसपाशी उभं राहील कोण? मीच.

इन्स्टिट्यूटमध्ये रिकाम्या तासाला टाइप करून पाहिलं: मला हे लग्न करायचं नाही. एकही चूक नाही. पुसून टाकलं. मग टाइप केलं: मनूसाठी मी तयार आहे. तेही बिनचूक. तेही पुसलं. बोटांना काय, सांगाल ते टाइप करतात.

संध्याकाळी मनूने पाण्यातलीचा पिक्चर लावला. ती किनाऱ्यावरच्या माणसासाठी आवाज देऊन टाकते, त्या जागेवर मी उठून गेले. मनूने आतून ओरडून विचारलं, "मावशी, हिचे मार्क किती?" म्हटलं, तुला वाटतील तितके दे.

७ मे, बुधवार

मनूला कोणीतरी सांगितलं. मामीच असणार. दिवसभर माझ्याकडे चोरून बघत होती. जेवताना माझ्या ताटातली पोळी घेतली, एरवी घेत नाही.

मी विचारलं नाही. ती बोलली नाही. आमच्या घराचं पाणी लागलं पोरीला.

१० मे, शनिवार

उद्या येतात. पुरणाची डाळ निवडून ठेवली. हिरवी साडी आईने इस्त्री करून आणली आणि माझ्या पलंगावर ठेवून निघून गेली.

चार वाजता मनू आली. कूलरसमोर बसली, फ्रॉकमध्ये वारं भरून घेतलं. बराच वेळ तेच. मग म्हणाली, "मावशी, तू माझी आई व्हनार हायस का?"

म्हटलं, तुला काय वाटतं? व्हावं का?

हे मी का विचारलं? सात वर्षांच्या पोरीला? घरातल्या सगळ्यांनी माझ्यावर टाकलं, मी तिच्यावर टाकलं.

ती विचारात पडली. मार्क देताना पडते तशीच, ओठ दाताखाली धरून. मला वाटलं, आता ही हो म्हणेल आणि सुटेन. मग वाटलं नाही म्हणेल आणि सुटेन. दोन्ही चाललं असतं, खरं सांगते.

"तू आई झालीस," ती म्हणाली, "तर मंग मावशी कोन व्हनार?"

मी म्हटलं, मीच. दोन्ही मीच.

"असं न्हाई व्हत. आई गेली तवा तू आली. आता तू आई झाली तर मावशी बी गेली ना."

तिचा आवाज रडका नव्हता. हिशोब सांगत होती नुसता. मी तिच्याशेजारी खाली बसले. तिने कूलरसमोरची जागा मला दिली आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसली.

आई आतून विचारतेय, उद्या जेवायला किती माणसं धरू.