वापरात नसलेली नावं

३ मार्च, सोमवार
सत्तावन्नाव्या वर्षी गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि शाळेत मॉनिटरचा बिल्ला लावल्यासारखं वाटलं. नोकरी धाकटीच्या शब्दावर मिळाली. माझी ही धाकटी बहीण इथंच खाली कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसवर आहे, अठरा वर्षं. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, पाढे मी पाठ करून घेतले. आज मात्र तीच सगळ्यांना सांगत फिरत होती, की ताई शिकलेली आहे पण साधी आहे, जरा सांभाळून घ्या.

माझं टेबल वरच्या मजल्यावर, काचेच्या भिंतीपाशी. मान वळवली की धाकटी दिसते. मालक जपानी, म्हणून इथले अहवाल त्यांच्या भाषेत जातात. कॉन्व्हेंटमध्ये एका म्हाताऱ्या सिस्टरनी आम्हां चार मुलींना हौसेनं ती भाषा शिकवली होती. आज त्या असत्या तर पेपरमिंटची गोळी दिली असती.

५ मार्च, बुधवार
काम आवडलं. जपानीत उच्चार टाइप करायचा, संगणक त्या उच्चाराचे शब्द पुढं मांडतो, आपण हवा तो निवडायचा. पण आमच्या कामगारांची नावं त्याला कुठून ठाऊक असणार? म्हणून एक शब्दकोश आपण भरून ठेवायचा. दोन अक्षरं टाइप केली की पूर्ण नाव, विभाग, सगळी ओळ उमटते.

हा कोश सांभाळायला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या चौकटीत कमांड टाइप करायच्या: जोड, पूस, यादी दाखव, फाईल आत घे. माझ्या आधीच्या बाईंनी पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवली आहे. 'पुसण्याआधी काय पुसलं जाईल ते नुसतं दाखवायला सांगा. जुनी फाईल कधीही आत घेऊ नका.' बाई खमक्या दिसतात.

७ मार्च, शुक्रवार
आज साफसफाई. वर्षभर न वापरलेल्या ओळी एकदम पुसणारी कमांड आहे, ती चालवली. आधी नुसतं दाखवायला सांगायचं राहून गेलं. चार ओळी गेल्या, त्यात काय एवढं. फोरमन चहा प्यायला वर आला होता. म्हणाला, बाई, एवढी हौस आहे तर माझ्या बायकोचं कपाटही आवरा.

१० मार्च, सोमवार
लेथवरचा माणूस गेला. दिवसभर शीळ घालायचा, म्हणून त्याला सगळे शीळवाला म्हणत. साडेनऊला त्याची बाही फिरत्या लोखंडात अडकली. मशीन थांबेपर्यंत त्या लोखंडानं त्याला गरगर फिरवून आपटलं, पुन्हा पुन्हा. रक्त माझ्या काचेपर्यंत उडालं.

अहवाल मलाच लिहायचा होता. त्याची दोन अक्षरं टाइप केली. नाव आलं नाही.

११ मार्च, मंगळवार
आज पॉलिशवाली. तिच्या मशीनचं दगडी चाक फुटलं, तुकडा चेहऱ्यातून आरपार गेला. धाकटीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. घेण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

तिचंही नाव कोशात नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. नावं लागतात ती फक्त अपघाताच्या अहवालात. वर्षभर ज्याचं नाव वापरलं गेलं नाही, त्याला वर्षभर ओरखडाही उठलेला नाही. मी धडधाकट माणसं वेचून पुसली आहेत. आणि पुसली त्याच क्रमानं ती जात आहेत.

शुक्रवारी पुसलेल्या ओळींची यादी काळ्या चौकटीत वर सरकवून पाहिली. पहिला शीळवाला, दुसरी पॉलिशवाली. तिसरा क्रेनवाला.

चौथी धाकटी.

दोघांच्या ओळी लगेच नव्यानं जोडल्या. 'जोडली' असं उत्तर आलं.

१२ मार्च, बुधवार
काही उपयोग नाही. क्रेनचा आकडा त्याच्या बरगड्यांत घुसला आणि त्याला छतापर्यंत घेऊन गेला. वरून थेंब पडत होते. नवी ओळ चालत नाही. जुनीच हवी.

धाकटीला म्हटलं, उद्या घरी राहा, माझी शप्पथ. ती म्हणाली, तीन माणसं कमी झाली, मीही पदराआड लपू का तुझ्या? माझ्यावर रागावली. रागावू दे.

१३ मार्च, गुरुवार
१०.३० — आलीच ती. ऐकेल तर ना.

जुन्या ओळी फक्त जुन्या फाईलमध्ये. वीस वर्षांची नावं. त्यातली एक उचलून जोडली तर ती नवीच ठरणार. सगळी फाईल आत घेते आहे. चिठ्ठी फाडून टाकली.

१०.५० — खाली किंकाळी. बघणार नाही. नजर पडद्यावर. अजून निम्मी —

१०.५४ — 'पूर्ण'.

११.०० — धाकटी वर आली. जिवंत. देवा, तुझे उपकार. दार लावून घेतलं, तिला पोटाशी धरलं. गारठली आहे पोर. हात एप्रनखाली धरून बसली आहे.

११.१० — खाली शीळवाला. लेथपाशी. हात उलट्या बाजूला लोंबतात. पॉलिशवालीही. आणि कितीतरी, मी ओळखत नाही अशी, वीस वर्षांत मेलेली, फाईलमधली. फोरमनला त्यांनी पलीकडच्या प्रेसखाली धरलं आहे. प्रेस खाली येते. वर जाते. तो अजून ओरडतो —

जिन्यावर पावलं.

११.१५ — शीळवाल्याची ओळ पुसली. तो जागेवरच फिरला, फाटला, पडला. म्हणजे जमतं. एकेक करून सगळे —

दारावर धक्के. आता पॉलिशवाली. क्रेनवाला. पुसते आहे. पुसते —

११.३० — काचेतून खाली पाहिलं. का पाहिलं. धाकटीच्या प्रेसमध्ये दोन हात राहिले आहेत. कोपरापासून.

१०.५०. फाईल तेव्हा निम्मीच —

ती उठली. मागे उभी आहे. श्वास लागत नाही मानेला.

उजव्या हातानं लिहिते आहे. 'पूस' टाइप केलं, पुढं तिची दोन अक्षरं. डावं बोट एंटरवर.

म्हणते आहे, "ताई, माझं नको."

माझी सोनी. खांद्याला दात लावले तिनं. हळूच, रुसली की लावायची तसे. आता हळू नाही — रक्त — बोट दाबत नाही माझं, दाब ना, दा —