आर्वेलनंतर पाय कोण उचलणार?

रविवार, ४ मे
आर्वेल टॅकेटला माती देऊन आलो. शनिवारच्या बैठकीत चाळीस वर्षं तो फिडल घेऊन मधोमध बसला, मी शेजारी बँजो घेऊन. केंटकीच्या डोंगरात असा हात पुन्हा होणे नाही. आता त्याचा वारसा मीच चालवणार. दुसरं आहेच कोण?

६ मे
म्हणजे धुनेची शेवटची फेरी आली की पाय आता मी उचलायचा. मुख्य माणसाचा पाय वर गेला की सगळे एकदम थांबतात. आर्वेलचा पाय मी कधी पाहिला नाही. डोळे मिटल्याशिवाय माझा बँजो रंगतच नाही. बाकीचे थांबायचे आणि मला एकट्याला आणखी एक फेरी वाजवू द्यायचे. केवढा मान!

७ मे
ओपल म्हणते, मान कसला डोंबलाचा? बायकोला संगीतातलं काय कळतं! (चर्चमध्ये तीस वर्षं गाते, ते वेगळं.)

९ मे, सकाळ
पाय उचलण्याचा सराव. गुडघा कुरकुरला. टेबलाला लाथ बसून बीन्सचं पातेलं पालथं. ओपल जे बोलली ते इथे लिहीत नाही.

शनिवार, १० मे
आर्वेलची मुलगी ओरा म्हणाली, "डेंटनकाका, बाबांच्या खुर्चीवर बसा. डोळे तेवढे उघडे ठेवा हं." पोरगी गुणी, पण उगाच काळजी करते. बसलो. आर्वेलची आवडती धून धरली. अशी रंगली म्हणता! डोळे उघडले तर खुर्च्या रिकाम्या. मंडळी अंगणात मक्याचा ब्रेड खात होती. ओरा म्हणाली, "तुम्ही पाय उचलेनात, म्हणून आम्हीच काढता पाय घेतला."

११ मे
खुर्चीच बुटकी. तीत पाय उचलणार कसा? पुढच्या वेळी उंच खुर्ची नेणार.
ओपलला सांगितलं. ती म्हणाली, "तू एकटाच वाजवत राहायचास ना, तेव्हा आर्वेल डोळे वटारून बसायचा. कुणाला हसू द्यायचा नाही."
जेवण गेलं नाही. आर्वेलची फार आठवण आली.

शनिवार, १७ मे
खुर्चीवर ओराला बसवलं. मी शेजारी, नेहमीच्या जागी. अख्खी धून तिच्या बुटाकडे टक लावून वाजवली. रंगली नाही. बूट वर गेला. थांबलो. सगळ्यांबरोबर.
मंडळी उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. बैठकीतला म्हातारा क्लेटस तर शिट्ट्या मारत होता.
वाजवल्याबद्दल इतक्या टाळ्या मला आजवर कधी मिळाल्या नव्हत्या.